टाइस्टेन फेरीबोटीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी फेरीबोट आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला माणसांचा अगदी वीट आला आहे. माझं नाव टाइस्टेन. टाइस्टेन म्हणजे आमच्या नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा एक काळा, लाल पायांचा पाणपक्षी. तो पक्षी हवं तेव्हा उडतो आणि कंटाळा आला की पाण्यात बुडी मारतो. मला मात्र जन्मभर एकच काम होतं. स्कारोया बेटावरून गाड्या पोटात घ्यायच्या, खाडी ओलांडायची, पलीकडे नेसवागच्या धक्क्यावर त्या बाहेर काढायच्या, तिथल्या गाड्या घ्यायच्या आणि पुन्हा बेटावर यायचं.

सध्या मला नेसवागला बाजूच्या धक्क्याला बांधून ठेवलं आहे. 'राखीव' म्हणतात मला. नवी बोट बिघडली की माझी आठवण काढायची, एरवी समुद्रपक्ष्यांनी माझ्यावर घाण करायची, असा एकूण हिशेब. नवी बोट विजेवर चालते. तिला आवाज नाही, धूर नाही, आणि तिच्या कँटीनमध्ये माणूसही नाही. तिचं कौतुक चालतं ते मी मुकाट्याने ऐकते. पण धक्क्यावरच्या दुकानात कॉफी पिताना लोक म्हणतात, "टाइस्टेन फारच म्हातारी झाली होती बरं का. तिच्यापायी त्या तोरुनचा जीव जायची वेळ आली होती!" हे मात्र मी ऐकून घेणार नाही. तोरुनचा जीव टांगणीला लागला तो माझ्यामुळे नव्हे. एका गोड धिरड्यामुळे आणि एका विसरभोळ्या मास्तरमुळे. ते सगळं आज मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रे जोडणारी माणसं दुपारी माझ्याच पोटात बसून घरून आणलेले पावाचे तुकडे खात, आणि माझ्या भिंतींवर खडूने एकमेकांची चित्रं काढत. ती चित्रं रंगाखाली अजून तशीच आहेत, पण कोणाला माहीत नाही. मला पाण्यात उतरवायच्या दिवशी पाऊस कोसळत होता. बँडवाल्यांच्या तुताऱ्यांत पाणी शिरलं होतं आणि सूर असे निघत होते की गायी पळून जाव्यात. महापौरबाईंनी माझ्या अंगावर बाटली फेकली, ती फुटलीच नाही. दुसऱ्यांदा फेकली, तरी नाही. शेवटी एका लोहाराने पुढे होऊन हातोडीने फोडली. माझ्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माझी ठेवण जरा निराळी आहे, ती समजून घ्या. मला पुढचं आणि मागचं असं काही नाही. दोन्ही टोकांना सारखंच तोंड, सारखाच रॅम्प, पाण्याखाली सारखाच पंखा. गाडी एका तोंडातून आत शिरते आणि पलीकडे पोचल्यावर दुसऱ्या तोंडातून सरळ बाहेर पडते. त्यामुळे मला वळावं लागत नाही. एक तोंड कायम बेटाकडे, एक कायम नेसवागकडे. मधोमध इंजिनाची भिंत आहे, तिच्या उजवीकडे एक अरुंद गल्ली आणि डावीकडे दुसरी. डावीकडच्या गल्लीवर लहान गाड्यांसाठी अर्धा मजला टांगलेला आहे, म्हणून तिथून उंच गाडी जात नाही. ट्रक, दुधाची टाकी, अँब्युलन्स, सगळ्यांनी उजवीकडूनच जायचं.

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! माझ्याआधी बेटावरची गाय पट्ट्याने बांधून, दोरीने उचलून होडीत ठेवावी लागे. डॉक्टर वल्हवत येत, आणि वारा असला तर येतही नसत. मी आले तेव्हा अख्खं बेट भरतकामाचे सणाचे कपडे घालून धक्क्यावर उभं होतं. म्हाताऱ्या बायका रॅम्पवरून नुसत्याच आत येत आणि दुसऱ्या तोंडाने बाहेर जाऊन पुन्हा परत येत. नवऱ्या मुली माझ्यावरून गेल्या, शवपेट्या गेल्या, शाळेची पोरं गेली, नाताळची झाडं गेली, मेंढ्या तर इतक्या गेल्या की तो वास अजून माझ्या फळ्यांतून निघालेला नाही. बेटावर दवाखाना नाही. रस्ता बेटाच्या धक्क्यावर संपतो आणि नेसवागच्या धक्क्यावर सुरू होतो. मधला रस्ता म्हणजे मी.

पण माणसाला रस्त्याची किंमत असते का हो? तो असतोच, असं धरूनच चालतात. कोणी हँडब्रेक ओढायचं विसरतो आणि त्याची गाडी पुढच्या गाडीच्या ढुंगणाला जाऊन टेकते. कोणी गाडीला कुलूप लावून वर जातो, मी लाटेवर जरा हलले की ती गाडी बोंबलायला लागते, आणि मालक वर बसून म्हणतो, "कोणाची बरं ही गाडी बोंबलतेय?" कोणी धक्का दिसायच्या आधीच इंजिन सुरू करून माझ्या पोटात धूर भरतो. उन्हाळ्यात पाहुणे घरंच्या घरं चाकांवर ओढत आणतात आणि मग माझ्या गल्लीत ती अडकली की माझ्यावरच डाफरतात. दर निवडणुकीला बेटाखालून बोगदा काढायचं ठरतं. सगळे गंभीरपणे माना डोलावतात, मग निवडणूक होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यापुढे रांग लागते. इतकं होऊनही, मी थोडी उशिरा आले की घड्याळ दाखवायला सगळे पुढे!

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ती स्वेले.

स्वेले म्हणजे आमच्या फेरीबोटींवर मिळणारं जाड, मऊ, गोड धिरडं. गरम असताना त्यावर लोणी-साखर पसरायची किंवा तपकिरी चीजची चकती ठेवायची, आणि अर्धं दुमडून हातात द्यायचं. घरी तेच करून खाल्लं तर त्याला ती चव येत नाही, असं इथे लहानथोर सगळे शपथेवर सांगतील. माझ्यावर ते गुडनी भाजायची. बाई धिप्पाड, आवाज खणखणीत, हाताला चटके बसून बसून ती आता तव्याला जुमानत नसे. खाडी ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात जिना चढायचा, रांगेत उभं राहायचं, स्वेले खायची आणि परत गाडीत येऊन बसायचं. वेळ कसाबसा पुरतो. त्यामुळे मी धक्का सोडला रे सोडला की माणसं अशी जिन्याकडे धावत, की बघणाऱ्याला वाटावं खाली आग लागली आहे. मग कप्तान ओडमुन भोंग्यातून सांगे, "वाहनचालकांनी आपापल्या गाड्यांत जाऊन बसावं." तरी कोणी तरी तोंडात घास घेऊन शेवटी धावत यायचाच.

या धावणाऱ्यांत एक माणूस कधीच नसे. हालवार मास्तर. चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवायचे आणि शाळेत पोरांना गाणं शिकवायचे. गुडनीच्या मुलीला, तोरुनला, त्यांनीच शिकवलं. मास्तरांकडे गाडी नव्हती. ते पायी यायचे, आरामात स्वेले खायचे, बोटांनी टेबलावर काहीतरी वाजवत बसायचे, आणि नेसवाग आलं की जिना उतरून समोर उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बसायचे. वर्षानुवर्षं हेच. माझी वेळ चुकेल, मास्तरांची बस चुकायची नाही.

मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी विजेवर चालणारी एक करड्या रंगाची गाडी घेतली. बेटावर सगळ्यांना त्या गाडीची दया आली. गुडनी तर तोंडावरच म्हणाली, "हालवार, अरे तू स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधतोस. तुला गाडी कोणी रे विकली?"

"गुडनी, गाडी स्वतःच सगळं लक्षात ठेवते म्हणे," मास्तर म्हणाले. "मला काहीच आठवावं लागत नाही."

"देवा रे!" असं म्हणून गुडनीने पिठात पळी घातली.

आता त्या दिवसाकडे येते. शरद ऋतू होता, वारा सुटला होता, खाडीवर पांढरे फेस उठत होते. सकाळच्या खेपेला मी बेटावर भरून उभी होते. उजव्या गल्लीत सगळ्यात पुढे मास्तरांची नवी कोरी गाडी, तिच्या मागे बाकीच्या. रॅम्प वर जायला लागला, तेवढ्यात कप्तानाचा फोन वाजला आणि रॅम्प पुन्हा खाली आला. बेटाच्या रस्त्यावरून अँब्युलन्स येत होती. आत तोरुन होती, गुडनीची मुलगी.

तोरुनला दुसऱ्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. पहिल्या वेळी तिच्या अंगावरून इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरांनी तिला जेमतेम परत आणलं होतं. या खेपेला त्यांनी बजावलं होतं, कळ आली की लगेच मोठ्या हॉस्पिटलात पोचायचं, वाटेत बाळंतपण झालं तर आम्ही काही सांगू शकत नाही. आमचं जवळचं बाळंतपणाचं हॉस्पिटल केव्हाच बंद झालंय. आता नेसवागच्या पुढे डोंगर चढून जावं लागतं. हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण त्या वाऱ्यात ते उडेना. म्हणजे उरले कोण? मी.

खलाशी यारले हात हलवत ओरडत होता, "पुढे घ्या, आणखी पुढे, पोटं आत घ्या!" गाड्या एकमेकींना चिकटल्या आणि अँब्युलन्स कशीबशी उजव्या गल्लीत सगळ्यात शेवटी शिरली. तिच्या शेपटाला रॅम्प टेकला. हे ठीकच होतं. पलीकडे पोचल्यावर गल्ली मोकळी व्हायला कितीसा वेळ लागतो?

गुडनी धडधडत खाली आली. अँब्युलन्सच्या काचेला तोंड लावून म्हणाली, "तोरुन, मी आहे गं इथेच." आत तोरुनचा नवरा आणि सुईणबाई होत्या, तिसऱ्याला जागा नव्हती. शिवाय गुडनी नुसती धिरडी भाजत नसे. बोटीला आग लागली किंवा बोट बुडायला लागली तर माणसं बाहेर काढायची, त्या माणसांत तिचं नाव होतं. ती नेसवागला उतरली तर नियमाने मला पुन्हा धक्का सोडता येत नाही. आणि बेटाची वाट बंद ठेवून कसं चालेल? म्हणून गुडनी पुन्हा वर तव्यापाशी गेली. रांग लागली होती, तेव्हा तिने पीठ ओतलं.

रांगेत मास्तर होते. त्यांनी गुडनीच्या हातून स्वेले घेतली, तिचा हात धरला आणि म्हणाले, "गुडनी, तोरुनला काही होणार नाही. गाण्याच्या वर्गात सगळ्यात लांब श्वास तिचाच होता." असं म्हणून ते खिडकीपाशी जाऊन बसले, डोळ्यांत पाणी, हातात स्वेले. मला खात्री आहे, तेव्हा ते मनात तोरुनसाठी चर्चमधलं काहीतरी वाजवत होते. नेसवाग आलं. कप्तानाने गाड्यांत बसायला सांगितलं. मास्तर उठले, टोपी घातली, जिना उतरले, पायी उतरणाऱ्या माणसांबरोबर चालत रॅम्पवरून गेले आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये जाऊन बसले. बस सुटली.

मित्रांनो, मला हात असते तर मी ते कपाळावर मारून घेतले असते!

डावीकडची गल्ली भराभर रिकामी झाली. उजवीकडे पानही हलेना. यारले धावत पुढे आला, करड्या गाडीच्या काचेवर थापा मारल्या, आत कोणी नाही. दाराला हात लावला तर ती बोंबलायला लागली. चार-पाच माणसांनी तिला ढकललं, पण त्या शहाण्या गाडीने स्वतःच लक्षात ठेवून चाकं घट्ट आवळून ठेवली होती. तिच्या मागे गाड्यांची रांग, आणि रांगेच्या शेवटी तोरुन.

"करड्या गाडीच्या मालकाने ताबडतोब खाली यावं," कप्तान भोंग्यातून म्हणाला. मग पुन्हा म्हणाला. ओडमुन कप्तान तसा दिवसभरात चार शब्द बोलणारा माणूस, त्याचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

गुडनी उलथनं हातात घेऊन जिन्यात आली. "करडी? अगं बाई गं! ती हालवारची गाडी! आणि हालवार... तो बसमध्ये बसला असेल! मेला रोजच्यासारखा बसमध्ये जाऊन बसला असेल!"

बसच्या चालकाला फोन लावला. पण बस कड्याला लागून चाललेल्या अरुंद रस्त्यावर होती, तिथे ती वळवायला जागा नाही. मास्तर उतरून धावत निघाले, असं चालकाने सांगितलं. त्या गुडघ्यांनी!

"गाडी तोडू या का?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "ओढायला ट्रॅक्टर आणा." तिसरा म्हणाला, "स्ट्रेचर काढून हाताने नेऊ," तर सुईणबाई आतून ओरडल्या, "आणि पुढे काय, पाठीवर घेऊन डोंगर चढणार? मला ही गाडी हवी आहे, आत्ता!" जो तो काहीतरी सुचवत होता आणि जो तो घड्याळ बघत होता. गुडनी मात्र गाड्यांच्या मधून तिरकी तिरकी होत अँब्युलन्सपाशी पोचली. काच खाली झाली. तोरुनचा चेहरा घामाने डबडबला होता.

"आई," ती म्हणाली, "मास्तर खरंच स्वतःची गाडी विसरून गेले?"

"हो गं बाळा. मिळू दे तो मला, त्याला तव्यावर बसवते."

तोरुनला हसू आलं, आणि हसता हसताच कळ आली. तिने आईचं मनगट इतकं आवळलं की गुडनीच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "आई, मला भीती वाटते," ती म्हणाली. "मागच्या वेळेसारखंच वाटतंय मला." गुडनीने दुसरा हात आत घालून तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात कप्तान ओडमुन वरून ओरडला, "यारले! रॅम्प वर घे!"

"कप्तान, अर्ध्या गाड्या आतच आहेत!"

"मला दिसतंय. वर घे. दुसऱ्या तोंडाने लागू या."

यारलेने रॅम्प वर घ्यायला सुरुवात केली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझ्याही. उजव्या गल्लीत अँब्युलन्स सगळ्यात शेवटी होती खरी, पण दुसऱ्या टोकाकडून बघितलं तर सगळ्यात पहिली! मला फक्त वळायचं होतं. बेटाचं तोंड नेसवागला लावायचं, म्हणजे ती मागच्या मागे सरळ बाहेर.

फक्त वळायचं! मी, जी जन्मात कधी वळले नव्हते! माझ्या पाठीला गंज, खाली खडक, वारा असा की सरळ उभं राहणं मुश्कील. मी आडवी झाले तेव्हा वाऱ्याने मला बाजूने धरलं आणि खडकांकडे रेटायला सुरुवात केली. माझ्या प्रत्येक पत्र्यातून आवाज यायला लागला. आतल्या गाड्या एकसाथ बोंबलायला लागल्या, त्यात करडी सगळ्यात मोठ्याने. यारले रॅम्पपाशी उभा राहून हाताने अंतर दाखवत होता, आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. खरं सांगते, मी घाबरले होते. खडकाला घासले असते तर तोरुनबरोबर सगळेच गेलो असतो. पण पोटात शेवटच्या जागी ती पोर कण्हत होती, ते मला ऐकू येत होतं. मी दोन्ही पंखे होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवले. इंजिन इतकं तापलं की धुराड्यातून काळे लोट निघाले. हळूहळू डोंगर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला, आणि ज्या तोंडाने मी कायम बेटच बघत आले होते, त्या तोंडासमोर नेसवागचा धक्का उभा राहिला.

रॅम्प खाली पडला. अँब्युलन्स उलटी बाहेर आली, वळली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. धक्क्यावर एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, पण बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो थांबला. अजून काहीच संपलं नव्हतं.

मास्तर धापा टाकत आले तेव्हा उजव्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या मागच्या मागे उतरून गेल्या होत्या आणि त्यांची एकटी गाडी माझ्या पोटात उभी होती. टोपी वाटेत कुठेतरी पडली होती. गुडनी रॅम्पवर उभी होती.

"गुडनी..."

"बोलू नकोस," गुडनी म्हणाली. "हालवार, एक शब्दही बोलू नकोस. माझ्या पोरीला काही झालं ना, तर मी तुझं तोंड बघणार नाही. तुझ्या अंत्ययात्रेलाही येणार नाही. जा, त्या गाडीत बस."

मास्तर गाडीत जाऊन बसले. यारलेने ती एका कोपऱ्यात लावून घेतली. मी बेटावर गेले, मास्तर उतरले नाहीत. परत नेसवागला आले, तरी नाहीत. बातमी कळेपर्यंत गाडीतून हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही हात चाकावर ठेवून ते सरळ पुढे बघत बसले होते. पुढे माझी भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

आमच्याकडची माणसं फार बोलत नाहीत. 'काळजी करू नकोस' म्हणायलाही त्यांना जड जातं. त्या दिवशी प्रत्येक खेपेला सगळी माणसं वर आली आणि गुडनीपुढे रांगेत उभी राहिली. एकाला मधुमेह होता, तोही. एकाने नुकतीच दाढ काढली होती, तोही. तिच्याकडून स्वेले घ्यायची, मान हलवायची आणि बाजूला होऊन खायची. गुडनी भाजत राहिली. तिच्या जागी उभा राहील असा माणूस दुपारशिवाय मिळणार नव्हता, तोवर तिला माझ्यावरून उतरता येत नव्हतं. तिने तव्यावरची नजर काढली नाही. आणि गंमत म्हणजे, त्या दिवशी भोंग्यातून सांगायच्या आधीच प्रत्येक जण आपापल्या गाडीत जाऊन बसलेला असे.

दुपारी आम्ही नेसवागच्या जवळ आलो होतो. भोंगा खरखरला. सगळे थांबले. ओडमुन कप्तान म्हणाला, "मुलगी. दोघी ठीक आहेत. रक्त थांबलंय." मग त्याला पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तो म्हणाला, "वाहनचालकांनी आपापल्या गाड्यांत जाऊन बसावं."

गुडनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. धक्क्यावर तिच्या जागी आलेला माणूस उभा होता, आणि त्याच्या मागे डोंगरावर जाणारी बस. रॅम्प पुरता टेकलाही नव्हता, तोच गुडनी धावत सुटली. पिठाने माखलेला एप्रन अंगावर, हातात उलथनं, ना कोट, ना पिशवी. बसमध्ये चढली आणि गेली. आलेला माणूस खलाशी होता, स्वयंपाकी नव्हे, म्हणून तो दोरखंड घ्यायला खाली यारलेकडे गेला. आणि तवा? तवा वर तसाच पेटलेला. त्यावर स्वेले जळायला लागल्या होत्या, बाजूला पिठाचं भांडं भरलेलं होतं, आणि माझ्या जिन्यातून धूर खाली यायला लागला होता. मास्तरला अंत्ययात्रेच्या गोष्टी ऐकवणारी बाई तवा चालू ठेवून गेली! काय म्हणावं या माणसाच्या जातीला?

धूर पहिल्यांदा कोणाला जाणवला असेल? मास्तरांना. ते सकाळपासून पहिल्यांदा गाडीतून उतरले. आधी यारलेला हाक मारली, गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली, आणि मग दुखरे गुडघे धरत जिना चढले. तवा बंद केला. जळकी धिरडी खरवडून काढली. खिडक्या उघडल्या. एवढं झाल्यावर खाली जावं की नाही? पण तोवर नवी माणसं चढून आली होती, आणि ती सवयीने रांगेत उभी राहिली. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, भांड्यातल्या पिठाकडे बघितलं, आणि तवा पुन्हा पेटवला.

मित्रांनो, मी जन्मभर स्वेलेचा वास घेत आले, पण इतक्या वाईट स्वेले मी कधी बघितल्या नाहीत. एका बाजूने काळ्या, दुसऱ्या बाजूने कच्च्या. लोकांनी त्या घेतल्या, मान हलवली आणि पूर्ण खाल्ल्या. कप्तान ओडमुन स्वतः खाली येऊन दोन खाऊन गेला. संध्याकाळी भांडं रिकामं झालं तेव्हा मास्तरांनी तवा घासला, गुडनीचा कोट आणि पिशवी उचलली, आणि यारलेकडून किल्ली घेऊन ते स्वतःच्या गाडीतून माझ्यावरून उतरले. डोंगर चढून, हॉस्पिटलकडे. पुढे गुडनी कामावर परत आली तेव्हा रांगेतलं कोणी म्हणालं की पोरीचं नाव टाइस्टेन ठेवा, तर गुडनी म्हणाली, "त्या डबड्याचं नाव माझ्या नातीला? वेड लागलंय का!" ते शब्द मला लागले, नाही म्हणत नाही.

आता तुम्हीच सांगा, माझा काय दोष होता? म्हणे म्हातारी झाली होती! मी ज्या दिवशी वळले, त्या दिवशी माझ्याइतकी तरुण बोट त्या खाडीत नव्हती. पण ते असू द्या. दोरखंडाला बांधलेली पडल्यापडल्या मी एवढाच विचार करते, की माणसं विसरणारच. आनंदात विसरतील, काळजीत विसरतील, पोटात गोड गेलं तरी विसरतील. मी त्यांना ते शिकवू शकले नाही, तुम्हालाही शिकवत नाही. माझं एकच मागणं आहे. रस्ता असो, पूल असो, नाहीतर माझ्यासारखी गंजलेली बोट असो, तिच्यावरून उतरताना एकदा मागे वळून बघत जा. तुम्ही ज्या वाटेवर उभे असता, तिथेच तुमच्या मागे कोणीतरी उभं असतं. ते तुमच्यासारखं मोठ्याने ओरडू शकत नाही, आणि त्याला तुमच्यापेक्षा फार घाई असते.